स्वमग्नता, औषधे आणि वर्तनाची नोंद : वर्तन विश्लेषकाची भूमिका

स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या, मूळ लक्षणांवर गुणकारी ठरलेले एकही औषध आजवर उपलब्ध नाही. सामाजिक संवादातील अडचण, त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती, आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांविषयीची तीव्र संवेदनशीलता या गोष्टी गोळीने बदलत नाहीत. तरीही अनेक स्वमग्न मुलांना आणि प्रौढांना मेंदूवर व मनावर परिणाम करणारी औषधे दिली जातात. स्वतःला इजा करून घेणे, इतरांवर धावून जाणे, तासन्‌तास चालणारा आकांत, झोप न लागणे, टोकाची चंचलता असे सोबतचे त्रास कमी व्हावेत, हा त्यांचा उद्देश असतो.

औषध लिहून देण्याचा, त्याची मात्रा ठरवण्याचा आणि ते थांबवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. मात्र ज्या कारणासाठी औषध दिले ते वर्तन खरोखर कमी झाले का, किती झाले, आणि त्याची किंमत रुग्णाच्या शरीराला कोणत्या रूपात मोजावी लागली, या प्रश्नांची उत्तरे बाह्यरुग्ण विभागातील दहा मिनिटांच्या भेटीत मिळत नाहीत. स्वतःचा त्रास शब्दांत सांगू न शकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर ती मिळणे आणखी कठीण असते. ‘हल्ली जरा बरा आहे’ किंवा ‘फारच वाढलंय’ एवढ्या सांगण्यावर मात्रा वाढते, दुसरे औषध जोडले जाते, आणि पहिले चालूच राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी उपचार पथकात वर्तन विश्लेषकाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

कोणती औषधे, कशासाठी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वमग्नतेशी निगडित तीव्र चिडचिडीसाठी आजवर दोन औषधांना मान्यता दिली आहे. २००६ मध्ये ५ ते १६ वर्षे वयोगटासाठी रिस्पेरिडोनला, तर २००९ मध्ये ६ ते १७ वर्षे वयोगटासाठी अरिपिप्राझोलला ही मान्यता मिळाली. येथे ‘चिडचिड’ हा शब्द वैद्यकीय अर्थाने वापरलेला असून आक्रमकता, स्वतःला इजा करणे आणि तीव्र आकांत यांचा त्यात समावेश होतो. दोन्ही औषधे मूळची स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकारांसाठी वापरली जाणारी आहेत.

अतिचंचलतेसाठी मेथिलफेनिडेट, झोपेसाठी मेलाटोनिन, चिंता व नैराश्यासाठी सेरोटोनिनवर काम करणारी औषधे, आणि फेफरे येत असल्यास अपस्मारविरोधी औषधे वापरली जातात. यांपैकी प्रत्येकाचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती कमी व्हावी म्हणून सिटालोप्राम हे औषध बराच काळ दिले जात असे. २००९ मध्ये १४९ मुलांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुलांत, तर औषधी द्रव्य नसलेली गोळी, म्हणजे प्लासेबो, घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांत सुधारणा दिसली. याचा अर्थ औषधाचा वेगळा असा लाभ आढळला नाही. दुष्परिणाम मात्र औषध घेणाऱ्या मुलांत अधिक होते.

रिस्पेरिडोनचे चित्र वेगळे आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ ते १७ वर्षे वयाची १०१ मुले होती. आठ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्या गटाच्या चिडचिडीच्या गुणांत जवळपास ५७ टक्के घट झाली, तर प्लासेबो गटात ती १४ टक्के होती. समाधानकारक प्रतिसाद पहिल्या गटात ६९ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के मुलांनी दिला. इतका स्पष्ट फरक या क्षेत्रात क्वचितच दिसतो, आणि औषधाला सरसकट विरोध करणाऱ्यांनी तो लक्षात घेणे आवश्यक आहे. त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले. दुसऱ्या गटात ही वाढ ०.८ किलो होती. भूक वाढणे, थकवा, गुंगी आणि लाळ गळणे हेही औषध घेणाऱ्या मुलांत अधिक दिसले.

दीर्घकाळच्या वापरात रक्तातील साखर व चरबी वाढणे, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढणे, तसेच तोंड, जीभ व हातपाय यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होणे असे धोके संभवतात. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब व रक्ततपासणी करणे अपेक्षित असते.

वर्तन विश्लेषण म्हणजे काय

वर्तन विश्लेषणाचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या संशोधनात आहे. एखाद्या कृतीनंतर काय घडते यावर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता अवलंबून असते, हे त्याचे मूलतत्त्व. १९६८ मध्ये या शास्त्राच्या उपयोजित शाखेचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले आणि प्रयोगशाळेतील तत्त्वे घर, शाळा व इस्पितळ यांमध्ये वापरण्यास संघटित रूप आले.

स्वमग्न व्यक्तींच्या संदर्भात निर्णायक वळण आले ते स्वतःला इजा करण्याच्या वर्तनावरील अभ्यासांमुळे. हे वर्तन निरर्थक आणि केवळ मेंदूतील बिघाडाचे लक्षण आहे, असा समज पूर्वी प्रचलित होता. १९७७ मध्ये एडवर्ड कार यांनी अशा वर्तनामागे वेगवेगळी कारणे असू शकतात, अशी मांडणी केली. त्यानंतर १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ व्यक्तींना वेगवेगळ्या, काळजीपूर्वक आखलेल्या परिस्थितींत ठेवून निरीक्षण केले. कधी अभ्यासाची मागणी केली जाई, कधी इजा करताच कुणी काळजीने बोले, कधी व्यक्ती एकटी असे, कधी केवळ खेळ असे. नऊपैकी सहा जणांचे वर्तन विशिष्ट परिस्थितीतच वाढत असल्याचे दिसले. बाहेरून एकसारखे दिसणारे वर्तन प्रत्येकासाठी वेगळे काम करत होते. या पद्धतीला कार्यात्मक विश्लेषण असे म्हणतात.

वर्तनामागची कारणे सामान्यतः चार गटांत मांडली जातात. कुणाचे तरी लक्ष मिळवणे, हवी ती वस्तू किंवा कृती मिळवणे, नकोशी गोष्ट टाळणे, आणि त्या कृतीतूनच मिळणारी संवेदना अथवा शारीरिक आराम. समजा, दोन मुले डोके आपटतात. एकजण गणिताचे पुस्तक समोर आले की आपटतो आणि पुस्तक बाजूला होताच थांबतो. दुसरा रात्री झोपताना, जेवताना आणि खेळताना, कुणी जवळ असो वा नसो, एकाच बाजूने आपटतो. पहिल्याच्या बाबतीत काम सोपे करणे आणि ‘थोडं थांबू या’ हे सांगण्याचे साधन त्याला देणे हा उपाय असू शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत आधी कान आणि दात तपासले पाहिजेत. दोघांच्याही तक्रारीचे वर्णन कागदावर ‘डोके आपटतो’ असेच होते, आणि दोघांनाही एकच गोळी मिळण्याची शक्यता असते.

१९८५ मध्ये कार आणि मार्क ड्युरंड यांनी चार मुलांवरील अभ्यासात याचा पुढचा टप्पा दाखवला. वर्तनामागचे कारण ओळखून तीच गरज शब्दाने व्यक्त करायला शिकवले, तर त्रासदायक वर्तन कमी होते. शब्दांऐवजी खूण, चित्र किंवा यंत्राचे बटन वापरूनही पुढे हे तंत्र यशस्वी झाले.

औषध सुरू होण्यापूर्वी

वर्तन विश्लेषकाचे पहिले काम शारीरिक कारणाकडे लक्ष वेधणे हे असते. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानाचा संसर्ग, आम्लपित्त, मासिक पाळीतील वेदना, अपस्मार आणि अपुरी झोप ही वर्तन अचानक बिघडण्याची नेहमीची कारणे आहेत. अमेरिकेतील वर्तन विश्लेषक प्रमाणन मंडळाच्या, २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या आचारसंहितेत याचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्तनामागे वैद्यकीय किंवा जैविक कारण असण्याची वाजवी शक्यता असेल, तर त्याची तपासणी होईल याची विश्लेषकाने शक्य तेवढी काळजी घ्यावी, अशी ती संहिता सांगते.

दुसरे काम म्हणजे नेमकी व्याख्या. ‘चिडचिड करतो’ हे मोजता येत नाही. ‘आवाज येईल इतक्या जोराने कपाळ भिंतीवर किंवा जमिनीवर आपटणे’ हे मोजता येते. आई, शिक्षिका आणि शाळेच्या बसमधील मदतनीस या तिघी एकाच प्रसंगाची सारखीच नोंद करतील, अशी ती व्याख्या असावी लागते.

तिसरे काम औषधापूर्वीची मूळ पातळी नोंदवण्याचे. तातडीचा धोका नसेल तर निदान एक-दोन आठवडे ते वर्तन दिवसात किती वेळा आणि किती वेळ होते हे लिहून ठेवले जाते. ही नोंद नसेल तर पुढे होणाऱ्या बदलाची तुलना कशाशीच करता येत नाही. सोबत प्रमाणित प्रश्नावलीही भरली जाते. मायकेल अमन आणि निर्भय सिंग यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ५८ प्रश्नांची वर्तन सूची यासाठी जगभर वापरली जाते. रिस्पेरिडोनच्या चाचणीतील चिडचिडीचे गुणही तिच्यावरूनच काढले होते.

औषध सुरू असताना

औषध सुरू झाल्याची तारीख, मात्रा आणि वेळ आलेखावर उभ्या रेषेने दाखवली जाते. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे वर्तनाची संख्या कशी बदलते हे एका दृष्टिक्षेपात दिसते. उदाहरणार्थ, औषधापूर्वी दिवसाला सरासरी अठरा वेळा होणारे वर्तन चार आठवड्यांनी सोळावर असेल, तर त्या औषधाचा फारसा उपयोग झालेला नाही हे डॉक्टरांना कळते. तेच सहावर आले असेल, तर मात्रा आणखी वाढवण्याची घाई करण्याचे कारण उरत नाही.

येथे सर्वांत मोठा अडसर असतो तो एकाच वेळी अनेक गोष्टी बदलण्याचा. गोव्यातील कुटुंबांना याचे उदाहरण शोधावे लागणार नाही. चतुर्थीच्या दिवसांत शाळा बंद असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, फटाके वाजतात, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बदलतात. अशा आठवड्यात मुलाचा त्रास वाढला आणि त्याच आठवड्यात मात्रा वाढवली, तर पुढच्या आठवड्यातील सुधारणेचे श्रेय साहजिकच वाढीव मात्रेला मिळते. शाळा पुन्हा सुरू होऊन दिनक्रम रुळावर आला होता, ही गोष्ट मागे पडते. नोंद ठेवणारी व्यक्ती असे बदल तारखेसह लिहून ठेवते आणि शक्यतो एका वेळी एकच बदल व्हावा, असा आग्रह धरते.

औषधाचा परिणाम सर्वत्र सारखा असतोच असे नाही. थोड्या व्यक्तींवर झालेल्या काही अभ्यासांत औषधाने एका परिस्थितीतील वर्तन कमी केले आणि दुसऱ्या परिस्थितीतील वर्तन जवळपास तसेच राहिले, असे दिसून आले आहे. म्हणून घर, शाळा आणि उपचार केंद्र येथील नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात.

केवळ त्रासदायक वर्तन मोजणेही पुरेसे नाही. गुंगी आलेले मूल डोके आपटत नाही, पण ते खेळतही नाही, बोलत नाही आणि शिकतही नाही. आपटण्याचा आलेख खाली आला म्हणून त्या औषधाला यशस्वी म्हणणे चुकीचे ठरेल. त्यामुळे झोपेचे तास, जेवणाचे प्रमाण, वजन, स्वतःहून केलेला संवाद, वर्गातील सहभाग यांचीही नोंद ठेवली जाते. सकाळच्या तासांना डुलकी येते हे नोंदीत स्पष्ट दिसले, तर डॉक्टर औषधाची वेळ बदलण्याचा विचार करू शकतात.

दुष्परिणामच कधीकधी वर्तनाचा वेष घेऊन येतो. मनोविकारविरोधी औषधांमुळे काहींना अकाथिसिया होतो. आतून इतकी अस्वस्थता जाणवते की एका जागी बसवत नाही, पाय सतत हलत राहतात, येरझारा सुरू होतात. बोलू शकणारी व्यक्ती हे डॉक्टरांना सांगते. न बोलणारे मूल धावते, ओरडते, स्वतःला चावते. पाहणाऱ्याला आजार वाढल्यासारखे वाटते आणि ज्या औषधाने हा त्रास झाला त्याचीच मात्रा वाढवली जाते. हे वर्तन मात्रा वाढल्यानंतर किती दिवसांनी सुरू झाले, एवढी एक तारीख या चुकीपासून त्या मुलाला वाचवू शकते.

मात्रा कमी करताना

एकदा सुरू झालेले औषध वर्षानुवर्षे चालू राहणे ही जगभर आढळणारी बाब आहे. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालात असा अंदाज मांडला गेला की, बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना योग्य वैद्यकीय कारणाशिवाय दररोज मनोविकारविरोधी किंवा नैराश्यविरोधी औषधे दिली जात होती. पुढच्याच वर्षी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्तींवरील अतिरिक्त औषधांचा वापर थांबवण्यासाठी ‘स्टॉम्प’ ही मोहीम हाती घेतली.

त्याआधी, २००८ मध्ये, पीटर टायरर यांच्या चाचणीने अनेकांना विचार करायला लावले होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि आक्रमक वर्तन करणाऱ्या ८६ प्रौढांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा प्लासेबो देण्यात आला. चार आठवड्यांत तिन्ही गटांतील आक्रमकता कमी झाली. प्लासेबो गटात ती ७९ टक्के, हॅलोपेरिडॉल गटात ६५ टक्के आणि रिस्पेरिडोन गटात ५८ टक्के घटली. या फरकावरून प्लासेबो अधिक चांगला, असा निष्कर्ष काढता येत नाही. पण औषधे त्याहून सरस ठरली नाहीत, हे स्पष्ट होते. वर्तन एरवीही चढते-उतरते आणि मदतीची धाव बहुधा ते शिखरावर असताना घेतली जाते. त्यानंतरची घसरण आपोआप झालेली असली तरी तिचे श्रेय औषधाच्या खात्यावर जमा होते. आधीची नोंद असल्याशिवाय हा भ्रम ओळखता येत नाही.

याचा अर्थ औषधे सरसकट बंद करावीत असा नाही. रिस्पेरिडोनचा लाभ झालेल्या ३२ मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या मुलांचे औषध हळूहळू काढून प्लासेबो दिला गेला. त्यांपैकी ६२.५ टक्के मुलांत त्रास पुन्हा उफाळला. औषध चालू राहिलेल्या मुलांत हे प्रमाण १२.५ टक्के होते. म्हणजे काहींना औषधाची खरीच गरज होती, आणि काहींचे त्याविना भागले. आपले मूल यांपैकी कोणत्या गटातील आहे हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून, प्रत्येक टप्प्यावर वर्तन मोजावे लागते. औषध अचानक बंद करणे धोक्याचे असते. मात्रा कमी झाल्यावरचे पहिले काही दिवस कठीण जाऊ शकतात, आणि ते दिवस म्हणजे कायमचा परिणाम नव्हे, हेही नोंद पुढे चालू ठेवल्यानेच कळते.

औषध आणि प्रशिक्षण एकत्र

औषध की वर्तनोपचार, असा वाद अनेकदा घातला जातो. २००९ च्या एका अभ्यासाने या दोहोंची सांगड घालून पाहिली. ४ ते १३ वर्षे वयाच्या १२४ मुलांपैकी काहींना केवळ औषध, तर काहींना औषधासोबत पालकांचे प्रशिक्षण देण्यात आले. २४ आठवड्यांनंतर दुसऱ्या गटातील मुलांचे असहकाराचे वर्तन अधिक कमी झाले होते. शिवाय त्या गटाला लागलेली रिस्पेरिडोनची सरासरी मात्रा दिवसाला १.९८ मिलिग्रॅम होती, तर केवळ औषध घेणाऱ्यांची २.२६ मिलिग्रॅम. आकडा लहान दिसतो, परंतु वाढत्या वयाच्या मुलाच्या शरीरात रोज जाणाऱ्या औषधाचा तो हिशेब आहे.

२०१५ मध्ये ३ ते ७ वर्षे वयाच्या १८० मुलांच्या पालकांवर आणखी एक चाचणी झाली. एका गटाला स्वमग्नतेची केवळ माहिती, तर दुसऱ्याला वर्तन हाताळण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्यात आले. पालकांनी नोंदवलेल्या चिडचिडीच्या गुणांत प्रशिक्षण गटात सुमारे ४८ टक्के, तर माहिती गटात सुमारे ३२ टक्के घट झाली. तातडीचा धोका नसेल तेव्हा वर्तनाचे विश्लेषण आणि पालकांचे प्रशिक्षण यांपासून सुरुवात करावी, हा विचार अशा पुराव्यांवर उभा आहे.

भूमिकेच्या मर्यादा आणि आक्षेप

वर्तन विश्लेषक हा डॉक्टर नसतो. औषध सुचवणे, मात्रा बदलायला सांगणे किंवा ‘गोळी बंद करून बघा’ असा सल्ला देणे हे त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे. नोंदी मांडणे, त्यांतून उद्भवणारे प्रश्न विचारणे आणि निर्णय डॉक्टर व कुटुंब यांच्यावर सोपवणे ही त्याची सीमा आहे. औषधांचे अपेक्षित परिणाम आणि नेहमीचे दुष्परिणाम यांची ओळख मात्र त्याला असायलाच हवी, कारण काय पाहायचे हे ठाऊक नसेल तर ते नोंदवलेही जात नाही.

वर्तन विश्लेषणावर गंभीर आक्षेपही आहेत, आणि ते प्रामुख्याने स्वमग्न प्रौढांकडून आलेले आहेत. या शास्त्राच्या सुरुवातीच्या दशकांत शिक्षेचा वापर झाला. हात फडफडवणे, डोलणे यांसारख्या निरुपद्रवी आणि मन शांत करणाऱ्या कृतीही दाबून टाकण्याचा प्रयत्न झाला. मूल इतरांसारखे दिसावे हे ध्येय मानले गेले. हाच आक्षेप औषधांनाही लागू पडतो. घरातल्यांची किंवा वर्गाची सोय व्हावी म्हणून व्यक्तीला शांत ठेवणारी गोळी म्हणजे रासायनिक बेडीच होय. त्यामुळे कोणते वर्तन बदलायचे हा प्रश्न मोजमापाच्या आधी येतो. त्या वर्तनाने व्यक्तीला किंवा इतरांना इजा होते का, तिचे शिक्षण, आरोग्य किंवा माणसांत वावरणे त्यामुळे अडते का, आणि तिला स्वतःला काय हवे आहे, हे आधी पाहिले पाहिजे. बोलू शकणाऱ्या किंवा चित्रांनी सांगू शकणाऱ्या व्यक्तीला औषधाने कसे वाटते हे विचारणे ही सौजन्याची बाब नसून उपचाराचाच भाग आहे.

भारतात आणि गोव्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याआधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानेही ती विचारात घेतली होती. वर्तन विश्लेषक या व्यवसायाची घडी मात्र देशात अजून बसलेली नाही. भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आदींची नोंदणी करते. वर्तन विश्लेषक हा तिच्या यादीतील स्वतंत्र गट नाही. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत या व्यवसायाचे नाव आले आहे. दुसरीकडे, अमेरिकेतील प्रमाणन मंडळाने २०२३ च्या जानेवारीपासून भारतासह बहुतेक देशांतील नव्या उमेदवारांना प्रमाणपत्र देणे थांबवले. परिणामी, ‘वर्तन चिकित्सक’ अशी पाटी लावणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, नोंदणी आणि ती कुणाच्या देखरेखीखाली काम करते, याची विचारपूस पालकांनाच करावी लागते.

गोव्यात मनोविकार उपचारांचे प्रमुख सरकारी केंद्र बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे आहे, आणि बालरोग विभागाची सेवा जवळच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मिळते. स्वमग्नतेच्या संशोधनात राज्याचे नाव आधीच नोंदले गेले आहे. पर्वरीच्या संगत संस्थेने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तज्ज्ञ पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलांशी संवाद साधण्याचे मार्गदर्शन केले, आणि पालक-मूल संवादात सुधारणा दिसली. तो अभ्यास औषधांविषयी नव्हता. मात्र दुर्मिळ तज्ज्ञांवर अवलंबून असलेले काम योग्य देखरेखीखाली इतरांनाही पेलता येते, हे त्यातून पुढे आले. वर्तनाची नोंद ठेवणे हे अशाच प्रकारचे काम आहे. विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित कार्यकर्ता ते करू शकतो, आणि यांपैकी कुणीही उपलब्ध नसेल तर पालकही त्याची सुरुवात करू शकतात.

पालकांची नोंदवही

त्यासाठी साधी शाळेची वही पुरते. सर्वाधिक काळजीचे एक किंवा दोनच प्रकारचे वर्तन निवडून त्यांची व्याख्या पहिल्या पानावर लिहावी. प्रत्येक प्रसंगासमोर तारीख, वेळ, जागा, लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि लगेच नंतर भोवतालच्यांनी काय केले हे एकेका ओळीत लिहावे. दिवसाच्या शेवटी एकूण संख्या, रात्रीची झोप, शौचाला झाली की नाही, जेवण, आणि दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा व वेळ यांची नोंद करावी. चुकलेली गोळीही लिहावी. आजारपण, पाहुणे, परीक्षा, गावची जत्रा किंवा फेस्त, नवे शिक्षक अशा बदलांसाठी समासात जागा ठेवावी. महिन्यातून एकदा त्याच वजनकाट्यावर वजन घ्यावे. येरझारा, थरथर, लाळ गळणे, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा अतिगुंगी दिसल्यास मोबाईलवर छोटे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे.

औषध लिहून देताना डॉक्टरांना चार प्रश्न विचारणे पालकांच्या हक्काचे आहे. हे औषध नेमक्या कोणत्या वर्तनासाठी आहे? किती आठवड्यांत आणि किती फरक अपेक्षित आहे? कोणते दुष्परिणाम दिसल्यास लगेच कळवायचे? आणि हे औषध चालू ठेवावे की कमी करावे, याचा फेरविचार कोणत्या महिन्यात करायचा? चौथ्या प्रश्नाचे उत्तर औषधपत्रावरच तारखेसह लिहून घ्यावे. त्या तारखेला वही सोबत नेली, तर मात्रा वाढवायची, तशीच ठेवायची की कमी करायची हा निर्णय डॉक्टरांना आठवणींऐवजी आकड्यांवर घेता येतो.